कंबर सांभाळा, मग ऊस



ऊस जमिनीलगत तोडा, हे आम्ही शेती खात्याची माणसं दर हंगामात सांगतो. ते खरेच आहे. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि खोडव्याला फुटवाही जोमदार येतो. पण बुडाला कोयता घालायचा म्हणजे तोडकऱ्याला कमरेतून वाकावेच लागते. पहाटेपासून वाकून तोड, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. असे सलग चार-पाच महिने. ऐन उमेदीतला गडी कमरेला हात लावून उठतो, यात नवल ते काय?

हे दुखणे एकट्या तोडकऱ्याचे नाही. बेणे, खताची पोती, बांधणी, रात्रीचे पाणी यांत आपलीही पाठ जाते. पण पुरुषमाणूस बोलत नाही. 'उसण भरली' म्हणायचे, पंचा आवळायचा, दुकानातली गोळी घ्यायची की पुन्हा कामाला. तोडकऱ्याने तर उचल घेतलेली असते. खाडा पडला की पैसे कापले जातात.

तीन महिन्यांवर टिकलेले दुखणे जुनाट समजावे. ते अंगावर काढू नये, तसेच अंथरूणही धरून बसू नये. बेताने हालचाल आणि डॉक्टर सांगतील तो व्यायाम, हाच मार्ग. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठर व मूत्रपिंड बिघडू शकते. उन्हात पाणी कमी पडले तर धोका वाढतो. पायातली ताकद जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी अडणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या हातात काय आहे?

1) ओझे उचलताना गुडघ्यात वाका, ओझे छातीशी धरा. उचलल्यावर कमरेतून पिळा देऊ नका, पाय वळवा.
2) 50 किलोचे पोते एकट्याने उचलू नका. बांधावर फोडून घमेल्याने न्या. ठिबक असेल तर विद्राव्य खत पाण्यातून द्या.
3) सरी साडेचार-पाच फुटी ठेवा. लहान ट्रॅक्टरने बांधणी होते, कुदळ कमी चालवावी लागते.
4) तोड येण्याआधी वाहन फडापर्यंत येईल असा रस्ता करा. मोळी वाहण्याचे अंतर तेवढेच घटते. फडात प्यायचे पाणी व सावली ठेवा.

यातला रस्ता तरी यंदा कराच. अडचण असेल तर आपल्या गटाच्या शेती मदतनिसाला आताच सांगा, टोळी फडात आल्यावर नको.

— ऊस विकास अधिकारी