दुरित आणि ईश्वर : ख्रिस्ती समर्थनाची मर्यादा

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णतः मंगल आहे आणि तरीही जगात दुरित आहे, ही तीन विधाने एकत्र कशी नांदू शकतात, हा ख्रिस्ती तत्त्वचिंतनातील एक जुना प्रश्न आहे. भारतीय वाचकाला तो अपरिचित नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील पक्षपाताच्या आणि निर्दयतेच्या आक्षेपाचा विचार आहे. ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार फल देतो, असे त्याचे निरसनही तेथे आहे. ख्रिस्ती विचाराला हा मार्ग मोकळा नाही. पूर्वजन्म त्याला मान्य नाही. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानात, जन्मांध मनुष्याचे अंधत्व त्याच्या पापामुळे की त्याच्या आईबापांच्या, असे शिष्य विचारतात, तेव्हा येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दुःख हे दुःखिताच्या अपराधाचे माप नव्हे, हे एकदा मान्य केले की समस्या अधिकच तीव्र होते.

पहिले महत्त्वाचे उत्तर संत ऑगस्टिनचे (३५४–४३०). शुभ आणि अशुभ ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत, हे मानी पंथाचे द्वैत त्याने तारुण्यात स्वीकारले होते. पुढे ते सोडून त्याने दुरिताला शुभाचा अभाव मानले. अंधत्व ही डोळ्यात भरलेली वस्तू नव्हे, ती दृष्टीची उणीव होय; तसेच दुरिताचे. म्हणून ईश्वर त्याचा निर्माता ठरत नाही. त्याचा उगम जीवांच्या स्वतंत्र इच्छेच्या विचलनात आहे. तथापि, अभाव म्हटल्याने वेदनेची धार बोथट होत नाही, आणि ही उणीव ईश्वराने राहू का दिली, हा प्रश्न उरतोच.

लायब्निट्सने १७१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ईश्वराने संभाव्य विश्वांपैकी सर्वोत्तम विश्वच निवडले, असा युक्तिवाद केला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि चर्चमध्ये जमलेले भाविक ढिगाऱ्याखाली गाडले गेले. व्होल्तेरने प्रथम काव्यातून आणि नंतर १७५९ च्या ‘कांदीद’मधून या आशावादाची निर्भर्त्सना केली.

विसाव्या शतकात वादाला तर्कशास्त्रीय वळण मिळाले. ही तिन्ही विधाने परस्परविरोधी आहेत, असे जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली प्रतिपादले. स्वेच्छेने नेहमी शुभच निवडणारी माणसे ईश्वराने का निर्मिली नाहीत, हा त्यांचा मार्मिक प्रश्न. आल्विन प्लँटिंगा यांचे १९७४ मधील उत्तर असे : जी निवड ईश्वरच घडवितो ती स्वतंत्र नव्हे, म्हणून स्वतंत्र जीव आहेत आणि दुरित मात्र मुळीच नाही, असे विश्व साकारणे कदाचित सर्वशक्तिमानाच्याही हाती नसेल. येथील ‘कदाचित’ महत्त्वाचे आहे. प्लँटिंगा ईश्वराचे खरे कारण सांगत नाहीत. विसंगती सिद्ध झालेली नाही, एवढेच दाखवितात. तेवढ्यापुरते त्यांचे यश अनेक निरीश्वरवादी तत्त्वज्ञांनीही मान्य केले आहे.

परंतु सुसंगती म्हणजे समाधान नव्हे. वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडणाऱ्या हरिणपाडसाचे उदाहरण विल्यम रो यांनी १९७९ साली पुढे केले : या वेदनेतून कोणते शुभ निष्पन्न होते? दोस्तोयव्हस्कीचा इव्हान कारामाझोव्ह याहून पुढे जातो. अंतिम सुसंवाद खरा असला तरी निरपराध बालकाच्या यातनेच्या मोलाने तो त्याला नको आहे. त्याची तक्रार तर्काची नाही, न्यायाची आहे; म्हणून तर्काने ती मिटत नाही.

या मर्यादेची जाणीव ख्रिस्ती परंपरेच्या धर्मग्रंथातच आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची नीटस कारणे देतात, आणि ग्रंथाच्या अखेरीस ईश्वर त्यांनाच दोष देतो. आक्रोश करणारा ईयोब मात्र योग्य बोलला असे ठरते. त्यालाही आपल्या दुःखाचे कारण अखेरपर्यंत कळत नाही. श्रद्धा अविवेकी नाही, एवढे तत्त्वज्ञान दाखवू शकेल. परंतु दुःखितासमोर कारणे मांडण्याचा अधिकार त्यातून प्राप्त होत नाही.