घरभर वास, मग कपात काय?

बडोद्याची थंडी मोठी गमतीची. सकाळी शाळेत जाताना स्वेटर अंगात असतो आणि दुपारी परतताना तोच कमरेला बांधलेला. या दिवसांत वर्गातली निम्मी नाकं वाहायला लागतात, आणि दांडिया बाजारातल्या मराठी आज्या पिशव्या घेऊन खंडेराव मार्केटकडे निघतात. पिशवीतून आलं येतं, पुदिना येतो, गवती चहा येतो, लीली हळद येते. (पुण्याची आजी हिला ओली हळद म्हणेल, पण बडोद्याच्या आजीने भाजीवाल्याशी गुजरातीतून घासाघीस केलेली असते ना!) सुंठ, मिरे, ज्येष्ठमध डब्यात असतातच. तुळस दारात.

मग पातेलं गॅसवर चढतं, काढा खळखळायला लागतो आणि असा वास सुटतो की शेजारच्या काकू दारातून विचारतात, "कोणाला सर्दी झाली गं?"

आता जरा डोकं चालवा. काकूंच्या नाकापर्यंत पोचलेला वास आला कुठून? पातेल्यातून. म्हणजे तो आता पातेल्यात उरलेला नाही!

तुळस, पुदिना, गवती चहा यांच्या पानांत सुगंधी तेलं असतात. ही तेलं फार उडाणटप्पू. पाणी उकळलं की वाफेबरोबर पसार होतात. गवती चहातलं सिट्रल असो, की तुळशीतलं युजेनॉल, सगळ्यांची तीच तऱ्हा. पानं अर्धा तास उकळत ठेवलीत, तर सुगंध शेजाऱ्यांचा आणि हिरवट पाणी तुमचं.

सुंठ, मिरे आणि ज्येष्ठमध यांची गोष्ट उलटी. ही मंडळी कडक, वाळलेली. त्यांच्यातला अर्क बाहेर काढायचा तर उष्णता हवी आणि वेळही हवा. जुन्या वैद्यांना हे चांगलं ठाऊक होतं. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं गणितच दिलेलं आहे: औषध १ भाग, पाणी १६ भाग, आणि उकळून उरवायचा आठवा हिस्सा. १६ वाट्या पाणी घातलंत तर उरणार फक्त २ वाट्या! 'फांट' नावाचा प्रकार मात्र वेगळा. त्यात औषधाची पूड गरम पाण्यात घालून मुरू द्यायची, उकळत बसायचं नाही.

आपण घरी दोन्ही युक्त्या एकाच पातेल्यात वापरू. शेजारी मोठं माणूस हवंच, गॅसशी खेळ नको. ४ कप पाण्यात ठेचलेलं बोटाच्या पेरभर आलं किंवा सुंठेचा छोटा तुकडा, ४ मिरे आणि ज्येष्ठमधाची लहानशी काडी घाला. पाणी निम्मं होऊ द्या. मग गॅस बंद करा, तुळशीची आणि गवती चहाची पानं टाका आणि लगेच झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी झाकण उघडा. झाकणाच्या आतल्या थेंबांना कसला वास येतो, ते हुंगून बघा. गूळ बेताने घाला, कारण ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या कितीतरी पट गोड असतं.

आणि हळद? ती या पातेल्यात नको. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. खात्री करून घ्यायची असेल तर एका वाटीत पाणी आणि दुसरीत कोमट तेल घ्या. दोन्हींत चिमूटभर हळद ढवळा आणि तासभर थांबा. पाण्यातली हळद तळाशी जाऊन बसेल, तेल मात्र पिवळंधमक होईल. म्हणून हळद दुधात घालायची, वर चमचाभर तूप आणि मिऱ्याची पूड. मिरे कशाला? कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फार थोडं उतरतं. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन दिलं, तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन सुमारे २० पट वाढलं. दूध पिवळं करणाऱ्या आज्यांनी हा प्रयोग वाचला असेल असं मला वाटत नाही!

पाणी झालं, तूप झालं. विरघळवणारा आणखी एक गडी आहे, अल्कोहोल. त्याची गोष्ट थेट बडोद्याचीच. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय सुरू झालं, आणि रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. आपले विद्यार्थी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह त्यांनी १९०७ साली इथे एक कारखाना उभारला, अलेंबिक. सुरुवातीला तिथे अल्कोहोल आणि टिंक्चरं तयार होत. टिंक्चर म्हणजे अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क. याच कारखान्याचं खोकल्याचं औषध पुढे घरोघरी पोचलं, ग्लायकोडिन टर्प वासका. नावातला वासका म्हणजे आपला परसातला अडुळसा! गुजराती शेजारी त्यालाच अरडूसी म्हणतात. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरून १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवलं, घट्ट कफ पातळ करणारं औषध. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हे नाव आजही सापडेल. घरी बाटली असेल तर चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. अडुळसा मात्र स्वतःच्या मनाने घ्यायचा नाही, वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच.

मग काढ्याने सर्दी जाते का? खरं सांगू? नाही. सर्दीचे विषाणू काढ्याला भीक घालत नाहीत. साधी सर्दी सात-दहा दिवसांत आपोआप बरी होते. पण बरं वाटणं हीसुद्धा काही कमी गोष्ट नाही. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे सर्दी झालेल्यांना फळांचं सरबत दिलं, काहींना गरम आणि काहींना साधं. यंत्राने मोजलं तर नाकातून जाणारी हवा काही वाढली नव्हती. तरी गरम सरबत पिणाऱ्यांना घसा, थकवा, हुडहुडी या सगळ्यांतच आराम वाटला. त्यात ना सुंठ होती, ना मिरे! सुंठ-मिऱ्याची करामत आणखी निराळी. गरम वस्तू ओळखणारं एक प्रथिन आपल्या जिभेत असतं, आणि तिखट पदार्थ त्यालाच डिवचतात. म्हणून मिऱ्याचा काढा थंड झाला तरी 'गरम' लागतो. हे प्रथिन शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

तेव्हा काढा करा, हुंगा, मजेत प्या. कोणी मध घालायला सांगितला तर चालेल, पण घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आणि ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, किंवा श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, तर पातेलं राहू द्या आणि सरळ डॉक्टरांकडे जा.