पूररेषा कोणाच्या हातात?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांचे तळमजले बुडाले. जुलै २००५ मध्येही या शहराने असाच पूर पाहिला होता. तरीही तिथल्या निळ्या आणि लाल पूररेषांना शहरातून मोठा विरोध झाला. तो अडाणीपणा नव्हे. आपल्याकडे पूररेषा सामान्य माणसाला भेटते ती बांधकामाच्या परवानगीसाठी गेल्यावर, नकार म्हणून. पाणी चढत असताना तिचा आपल्याला काय उपयोग, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पुराचा नकाशा कचेरीतून निघून घराघरात पोहोचला, तरच किनाऱ्यावरच्या वस्त्या बदलत्या हवामानात तग धरतील.

निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द दाखवते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही भाषा फसवी आहे. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेला की शतकभर निश्चिंती, असे नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का असते. घराचे कर्ज फेडायला ३० वर्षे लागली, तर तेवढ्या काळात हा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. हा हिशेबही जुन्या पावसावर बेतलेला. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जोराने कोसळतो. जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. घाटमाथ्यावरचा पाऊस काही तासांत खाली येतो. त्याच वेळी खाडीला उधाणाची भरती असेल, तर पाण्याला समुद्राकडे जायला वाटच राहत नाही. म्हणून इथल्या नकाशात पाऊस, नदी आणि भरती यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

मुंबईत २०२० पासून ‘आयफ्लोज’ ही पूरइशारा यंत्रणा हे तिन्ही घटक जमेस धरते. लहान गावांनाही असा नकाशा हवा, आणि तो गल्लीपर्यंत उतरलेला हवा. नदी पुलावरच्या अमुक खुणेला टेकली की कोणत्या आळीत गुडघाभर पाणी येईल, कोणता रस्ता आधी बंद होईल, विजेचा ट्रान्सफॉर्मर किती उंच चौथऱ्यावर बसवावा, रेशनचे धान्य कोणत्या फळीच्या वर ठेवावे, हे त्यातून कळले पाहिजे. खाडीकाठच्या सपाट जमिनीत उंचीची एक मीटरची चूकही अख्खी वाडी पुराच्या आत किंवा बाहेर टाकू शकते. म्हणून उपग्रहाच्या मोजणीला गावातल्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणांची जोड द्यावी लागते. खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला, म्हणजे खारबंदिस्तीला, खांड नेमकी कुठे पडते, हे तिथल्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

यावर पहिला आक्षेप, जमिनीचे भाव पडतील हा. तो खरा आहे, पण नकाशा लपवून धोका हटत नाही. तो फक्त माहिती नसलेल्या खरेदीदाराच्या गळ्यात पडतो. मात्र रेषेच्या आत आधीपासून राहणाऱ्यांना जोते उंचावायला मदत आणि परवडणारा विमा देणे, ही शासनाची जबाबदारी आहे. दुसरा आक्षेप असा, की आधी नदीतला गाळ काढा. गाळ काढलाच पाहिजे, पण तो पुन्हा साचतो, आणि उधाणाची भरती त्याने थांबत नाही. हवामानच बदलत असेल तर नकाशा काय कामाचा, हा तिसरा आक्षेप. उलट त्याचमुळे ठरावीक वर्षांनी तो नव्याने आखायला हवा.

पुढच्या पावसाळ्याआधी खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा नकाशा लागला पाहिजे. तो तिथे नसेल, तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.