बारावीनंतरचं हवामान

२८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ठरली होती. त्याच सुमाराला मराठवाड्यात नद्यांनी पात्रं सोडली. परांडा, भूम भागातल्या वस्त्यांना पाण्याने वेढा घातला, काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं, कुठे कुठे तर बांधासकट माती खरडून गेली. लोकसेवा आयोगाने परीक्षा ९ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली आणि ते योग्यच केलं. पण पुण्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी त्या आठवड्यात परीक्षेबरोबर आणखी एक गोष्ट लांबणीवर पडली : घरून येणारे खोलीभाड्याचे आणि मेसचे पैसे.

हवामानबदल आणि तरुणांचं करिअर यांचा संबंध शोधायला हिमनद्यांपर्यंत जावं लागत नाही, तो असा मेसच्या वहीत सापडतो.

२०२५ मध्ये सतरा-अठरा वर्षांची असलेली लातूरकडची मुलं २०१६च्या एप्रिलमध्ये दुसरी-तिसरीत होती. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, तो हा महिना. पहिल्या फेरीत दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं. त्याआधी, पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर-इंजिनिअर घडवणारं हे शहर घागरी मोजत होतं. या मुलांनी बालपणी टँकर पाहिला आणि बारावीत पोचेपर्यंत त्याच मुलखात पूर पाहिला. एवढ्या कमी वर्षांत दोन्ही टोकं पाहिलेली पिढी आधी क्वचितच झाली असेल.

यामागचं शास्त्र समजून घेतलं पाहिजे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारे वारे जास्त बाष्प आणतात आणि ते कमी वेळात रितं करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मात्र हंगामाचा एकूण पाऊस त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे मधले खंड कोरडेच. पेरणी वाया जाते ती खंडात, आणि हाती आलेलं जातं ते अतिवृष्टीत.

‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५९ टक्क्यांना हवामानबदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटत होती आणि पाऊणशे टक्क्यांना भविष्य भीतिदायक वाटत होतं. आपल्या गावांत ही काळजी वेगळ्या भाषेत बोलली जाते. ‘पावसाचा काही भरवसा राहिला नाही, शेतीत राम नाही, तू आपली नोकरी बघ,’ असं वडीलच मुलाला सांगतात. घटत गेलेली जमीन आणि पडलेले भाव ही कारणंही त्यात आहेतच, सगळा दोष आभाळाला देता येणार नाही. तरी पोलीस भरती, राज्यसेवा, नीट यांच्या मागे लागलेल्या घरांची खरी मागणी एकच असते : पावसावर न चालणारा पगार. ही मागणी रास्त आहे. पोटाला चटका बसलेल्या माणसाला मातीचं प्रेम शिकवायला जाऊ नये.

मला खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पाऊस ज्यांनी अंगावर घेतला, ती मुलं पावसाच्या अभ्यासापर्यंत पोचत नाहीत, कारण तशी वाट आहे हेच त्यांना कोणी सांगत नाही. खरं तर ती वाट पुण्यातूनच जाते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. ते पुढे दिल्लीला गेलं, पण पुण्यातलं ‘सिमला ऑफिस’ नावासकट टिकलं. कृषी हवामानाचा विभाग इथे १९३२ मध्ये सुरू झाला. केरळच्या अण्णा मणी १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि पर्जन्यमापकापासून सौर प्रारणमापकापर्यंतची उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. पुढे त्यांनी जमवलेल्या वाऱ्याच्या नोंदी पवनचक्क्यांच्या जागा ठरवायला उपयोगी पडल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पदवीला भौतिकशास्त्र किंवा गणित घेतलेल्या मुलामुलींनी त्याची चौकशी जरूर करावी.

आणि सगळ्यांनीच शास्त्रज्ञ व्हायला हवं असं नाही. गावच्या फीडरला सौर प्रकल्प जोडला जातो तेव्हा तो चालू ठेवणारा वायरमन लागतो. पीकविम्याचा वाद उपग्रहाच्या चित्रावर आणि पीक कापणी प्रयोगावर येऊन ठेपतो, तेव्हा दोन्ही समजणारा माणूस लागतो. उन्हाळ्यात उष्माघाताचा रोगी ओळखणारी परिचारिका लागते. जुनेच व्यवसाय आहेत, त्यांत नवं ज्ञान घालायचं आहे.

इथे सरकारची जबाबदारी टाळता येत नाही. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उभारलेले देशभरातले १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद करण्यात आले. तिथे कंत्राटावर काम करणारे तरुण हवामानतज्ज्ञ घरी बसले. ज्या वर्षांत गावोगावी अशा माणसाची गरज वाढली, त्याच वर्षांत ही पदं गेली. मग बारावीच्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं, की याच क्षेत्रात ये? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शेतकऱ्यांसाठी हवामान सल्ला निघतो. तो सल्ला तालुक्यातली जमीन, तिथलं पीक आणि त्या आठवड्याचा पाऊस पाहून समजावून सांगणारं एक कायम पद, पगारासह, प्रत्येक तालुक्याला मंजूर व्हायला हवं. त्या पदाची जाहिरात निघाली तर अभ्यासिकेतल्या कितीतरी मुलांचे अर्ज पहिल्याच दिवशी येतील.