कुंडींतील स्ट्रॉबेरी कां सुकते?

स्ट्रॉबेरीचें नांव निघालें म्हणजे महाबळेश्वर व पांचगणी हीं स्थळें प्रथम आठवतात. तें योग्यच आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील हौशी मंडळीसहि या फळाचा मोह पडतो, व तीं रोपें आणून कुंड्यांत लावितात. कांहीं आठवडे रोप टवटवीत दिसतें, क्वचित् फूलहि येतें. आणि मग एके दिवशीं पानें माना टाकतात. घाईनें आणखी पाणी घातलें जातें, आणि रोप दगावतें. असें कां होतें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या झाडाचा स्वभाव पाहूं. बागेंतील स्ट्रॉबेरी ही संकरज जात अठराव्या शतकांत युरोपांत उत्पन्न झाली. तिच्या पूर्वजांपैकीं एक उत्तर अमेरिकेंतील; दुसरा दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाचा, ज्याचीं रोपें फ्रेझिए नामक फ्रेंच गृहस्थानें १७१४ सालीं फ्रान्सला नेलीं. थंड हवा हें तिचें माहेर होय. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे; धाराशिव सुमारें ६५० मीटर, आणि येथें उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. शिवाय या रोपाचीं बहुतेक मुळें मातीच्या वरच्या वीतभर थरांतच पसरतात. खोल जाऊन ओलावा शोधण्याची शक्ति त्यांस नाहीं.

पुष्कळ रोपें तहानेनें मरतात असा समज आहे. वस्तुतः कुंडींतलीं अनेक रोपें अतिपाण्यानें मरतात. मुळांसहि श्वासोच्छ्वास करावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळींत हवा असते. ती सर्व पाण्यानें भरली म्हणजे मुळें गुदमरतात, कुजतात, व त्यांस पाणी शोषितां येत नाहीं. म्हणून माती ओली असतांहि पानें सुकतात. आमच्या भागांतील काळी माती भिजली कीं फुगते व छिद्रें बुजविते. वाळली कीं भेगाळते व कोंवळीं मुळें तोडते. शेतांत जी कसदार, तीच एकटी कुंडींत घातक होते. अशा चिखलांत फायटॉप्थोरासारखे बुरशीसदृश जीवहि वाढतात. त्यांचे सूक्ष्म बीजाणु पाण्यांत पोहत जाऊन मुळांस लागतात.

दुसरें कारण लावणींतील चूक. पानें व मुळें यांच्या मध्यें जें आंखूड खोड असतें, त्यांतून नवीं पानें फुटतात. तें मातींत पुरलें गेलें तर कुजतें. फार वर राहिलें तर मुळें उघडीं पडून वाळतात. खोडाचा माथा मातीच्या सपाटीस असावा.

तिसरें कारण ऊन व क्षार. लहान कुंडी, विशेषतः काळ्या प्लास्टिकची, दुपारीं इतकी तापते कीं कडेचीं मुळें भाजून निघतात. विंधनविहिरीचें पाणी खारट असेल तर मातींत क्षार सांचतात, पानांच्या कडा करपतात आणि कुंडीच्या कांठावर पांढरी पुटी दिसते. स्ट्रॉबेरी ही क्षार फार थोडे सहन करणाऱ्या पिकांपैकीं आहे.

तेव्हां रोप सुकलें असतां प्रथम बोट मातींत दोन पेरें घालून पाहावें. कोरडें लागल्यास पाणी द्यावें. दुपारीं मलूल होऊन सायंकाळीं सावरलें तर उन्हाचा दोष समजावा. माती ओली आणि सकाळींहि पानें लोंबतात, तर मुळें कुजलीं असावींत; मेलेल्या रोपाचें खोड उभें चिरल्यास आंत पांढऱ्याऐवजीं तपकिरी रंग दिसेल. अशी माती पुन्हां वापरूं नये.

उपाय साधे आहेत. कुंडीस तळाशीं मोकळीं छिद्रें असावींत. मातींत चांगलें कुजलेलें खत व जाडी वाळू मिसळावी. लावणी पावसाळा सरल्यावर करावी. सकाळचें ऊन मिळेल व दुपारीं सावली पडेल अशी जागा निवडावी. शक्य तर सांठविलेलें पावसाचें पाणी द्यावें.

विद्यार्थिमित्रांनो, ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. २०१६ सालीं शेजारच्या लातूरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. अशा प्रदेशांत न पाहतां ओतलेला तांब्या दुहेरी नुकसान करितो: पाणी जातें आणि रोपहि जातें. शुभवर्तमानांतील पेरणाऱ्याच्या दाखल्यांत मूळ न धरलेलें रोप उन्हानें करपतें, हें आपण ऐकलें आहे. पानाचें दुःख दिसतें, पण त्याचें कारण बहुधा मुळाशीं असतें. तेथवर दृष्टि नेऊन मग हात चालविणें, हीच खरी जोपासना होय.