खेळण्यातल्या वीरांची शक्तिपरीक्षा

प्रयोगाला प्रयोगशाळाच लागते, हा आमच्या शास्त्र शाखेतील मित्रांचा लाडका समज. बदलापूरच्या आमच्या चाळीचा जिना, एक मोजपट्टी आणि सकाळची लोकल एवढ्या सामग्रीवर मी दिवाळीच्या सुट्टीत जे संशोधन पार पाडले, ते प्राध्यापकवर्गापुढे नम्रपणे ठेवीत आहे.

नमुने तीन. 'अ' हा दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा, बदलापुरातच घेतलेला. 'ब' उल्हासनगरच्या बाजारातून सुटा आणलेला, नाव-छाप नसलेला प्लॅस्टिकचा महायोद्धा. 'क' अंबरनाथहून आणलेला त्याचाच जातभाई, पण आय.एस.आय. चिन्ह असलेला; हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना सक्तीचे आहे. 'क'च्या किमतीत 'ब'ची पलटण आली असती.

आय.एस. ९८७३ या सरकारी मानकात पतनपरीक्षा सांगितली आहे. दीड वर्षाच्या आतील बाळांचे खेळणे १३८ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचे, त्याहून मोठ्या मुलांचे ९३ सेंटिमीटरवरून चार वेळा. वीरपुरुषांचे वय 'तीन वर्षांपुढील' धरतात खरे; पण घरात सव्वा वर्षाची भाची असल्याने मी कडक परीक्षा लावली. मावळा पहिल्याच उडीत धारातीर्थी पडला. महायोद्धा तिसऱ्या उडीत फुटला आणि त्याची मूठ टणकन उडून दारातून आत गेली. ती आईला पाळण्याखाली सापडली. 'क'चा खांदा सातव्या खेपेस निखळला, दाबताच परत बसला.

खरा विषय इथून सुरू होतो. खेळणे मोडते की नाही, यापेक्षा मोडून त्याचे काय होते हे पाहावे लागते. त्यासाठी मानकात ३१.७ मिलिमीटर व्यासाची, तिरक्या तळाची एक नळी आहे. लहान मुलाच्या घशाची ती प्रतिकृतीच म्हणा. न दाबता जे तिच्यात पूर्ण मावते, ते तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यातून सुटता कामा नये. पोस्टकार्ड गुंडाळून मी तशी नळी केली. मूठ आत. शिरस्त्राण आत. तलवारीचे दोन तुकडे, दोन्ही आत. मावळ्याचे शिरही आत गेले, हे पक्षपात न करता नोंदवतो. पण मावळा बुरुजावर उभा राहण्यासाठी असतो, चघळण्यासाठी नव्हे.

उरली दाबपरीक्षा. रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. 'क'ला शबनम पिशवीत घालून मी बदलापूरला लोकलमध्ये चढलो. अंबरनाथपर्यंत तो ताठ होता, उल्हासनगरला वाकला, आणि कल्याणला उतरून पाहतो तो संशोधकाचीच दोन बटणे तुटलेली. (बटणे नळीत मावली.)

सगळे मर्म सांध्यात आहे. 'ब'चे अंग म्हणजे ठिसूळ प्लॅस्टिकचे दोन पोकळ अर्ध, कडेने चिकटवलेले. धक्का बसला की तडा जातो आणि अणकुचीदार तुकडे निघतात. याउलट हॅस्ब्रो कंपनीने १९८२ साली अमेरिकेत आणलेला आणि पुढे आपल्याकडे फनस्कूलने काढलेला पावणेचार इंची जी. आय. जो सैनिक पाहा. त्याची कंबर आतून एका रबरी कड्याने ताणून धरलेली असे. कडे तुटले की सैनिकाचे दोन भाग. पण पाठीचा स्क्रू काढून नवे कडे घातले की स्वारी पुन्हा रणांगणावर. मोडण्याची जागा अशी दुरुस्तीजोगी असावी, हे मला फार पटले.

मावळा गोंदाने जोडून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. पुढल्या दिवाळीत मागच्या रांगेत उभा राहील. 'क' मात्र भाचीला तीन वर्षे पुरी होईपर्यंत कपाटावर पहारा देणार आहे.