परदेशस्थ भारतीय आणि मायदेशातील उद्योग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज १ : परदेशातून घरी येणारा पैसा म्हणजेच उद्योगांतील गुंतवणूक.

वस्तुस्थिती : स्थलांतरित व्यक्ती कुटुंबाला जी रक्कम पाठवते, तिला रेमिटन्स म्हणतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये भारतात अशी सुमारे १२९ अब्ज डॉलरची रक्कम आली. तथापि तिचा मोठा भाग घरखर्च, शिक्षण, औषधोपचार आणि घरबांधणी यांसाठीच वापरला जातो. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर स्टेट बँकेने परदेशस्थ भारतीयांसाठी काढलेल्या ‘रिसर्जंट इंडिया’ रोख्यांतून ४.२ अब्ज डॉलर उभे राहिले खरे, परंतु तेही ठरलेल्या व्याजासह फेडावयाचे कर्जच होते. नव्या उद्योगाला गरज असते ती भागभांडवलाची, म्हणजे नफ्याबरोबर तोट्याचीही जोखीम पत्करणाऱ्या पैशाची.

गैरसमज २ : परदेशी स्थायिक झालेल्या तंत्रज्ञाला देश कायमचा मुकतो.

वस्तुस्थिती : सिलिकॉन व्हॅलीतील स्थलांतरित अभियंत्यांच्या अभ्यासातून ॲनाली सॅक्सेनियन यांनी ‘बुद्धीचे अभिसरण’ ही संकल्पना मांडली, तिचा आशय असा, की माणूस परदेशी राहिला तरी त्याचे ज्ञान, अनुभव आणि ओळखी दोन्ही देशांत ये-जा करू शकतात. सिरस लॉजिक या चिपनिर्मिती कंपनीचे संस्थापक सुहास पाटील ज्या ‘टाय’ संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते, ती १९९२ मध्ये तेथेच सुरू झाली आणि यशस्वी उद्योजकांनी नवोदितांना मार्गदर्शन करण्याची तिची पद्धत पुढे भारतीय शहरांतही रुजली. परक्या बाजारपेठेत पहिला ग्राहक मिळवताना अशा परिचिताचा शब्द पैशाहून मोलाचा ठरतो.

गैरसमज ३ : मायदेशाची ओढ असली की गुंतवणूक आपोआप येते.

वस्तुस्थिती : तैवानने १९८० मध्ये शिंचू विज्ञान उद्यान उभारून कारखान्यांसाठी जागा, सवलती आणि संशोधन संस्थांचे सान्निध्य एकत्र आणले, म्हणूनच अमेरिकेत शिकलेल्या त्याच्या अभियंत्यांना परतून कंपन्या काढता आल्या. भारतात रक्कम परदेशी परत न नेण्याच्या अटीवर अनिवासी भारतीयाने केलेली गुंतवणूक देशांतर्गत गुंतवणुकीसारखीच मानली जाते आणि ही मोठी सोय आहे. परंतु परवाने वेळेत मिळणे, जमिनीची मालकी निर्विवाद असणे आणि कराराचे तंटे लवकर सुटणे यांची जागा ती घेऊ शकत नाही. या गोष्टी स्थानिक उद्योजकालाही तितक्याच आवश्यक असल्याने, परदेशस्थांना आवाहन करण्याआधी त्या साध्य करणे हेच शासनाचे पहिले कर्तव्य आहे.